ओट्याची चीर भरली तरी पुन्हा का उघडते? मोकळ्या गाळ्यावरच्या ग्रॅनाइटची तपासणी

ओट्याला चीर गेली. कुणीतरी येऊन काळी पेस्ट भरून गेलं, वर पॉलिश मारलं. सहा-आठ महिन्यांनी तीच चीर त्याच जागी पुन्हा उघडली. पुण्यात आणि आसपास ग्रॅनाइट-कडप्प्याची कामं करताना या एकाच तक्रारीसाठी मी इतक्या घरांत गेलो आहे की हल्ली फोनवर पहिला प्रश्न विचारतो, "चिरेच्या खाली काय आहे?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "खाली मोकळं आहे. तिथे डिशवॉशर ठेवलाय."

सुरुवातीची काही वर्षं मीही चीर भरून परत येत असे. मग त्याच घरातून पुन्हा फोन यायचा. दुसऱ्यांदा गेल्यावर पाठीवर झोपून, टॉर्च लावून ओट्याच्या पोटाकडे बघायला लागलो, तेव्हा कुठे हे दुखणं कळायला लागलं. त्या तपासण्या इथे क्रमाने देतो आहे. सगळ्यात सोप्या आणि फुकटातल्या आधी, तोडफोडीच्या शेवटी. पहिल्या चार-पाच तपासण्यांना फारसा खर्च येत नाही आणि निम्म्याहून अधिक घरांत तिथेच कारण सापडतं.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसली तर आधाराचा संशय घ्या.

- ओट्याच्या पुढच्या कडेपासून मागे भिंतीकडे जाणारी चीर, साधारण मोकळ्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या मोकळ्या जागेच्या, मध्यावर.
- शेगडीच्या किंवा सिंकच्या कापाच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी चीर.
- दोन ग्रॅनाइटच्या जोडावर बोट फिरवलं की नख अडकतं. एक तुकडा खाली बसलेला.
- ओटा आणि डॅडोच्या (ओट्यामागच्या भिंतीवरच्या) टाइल्स यांच्यामधलं सिलिकॉन पुन्हा पुन्हा सुटतं, तिथून पाणी आत जातं.
- पुसल्यावर पाणी सिंककडे न जाता मध्येच साचतं.
- खालची ट्रॉली किंवा कपाटाचं दार वरच्या बाजूला घासायला लागलं आहे, आधी घासत नव्हतं.
- मिक्सर लावला की शेजारच्या ताटल्या थरथरतात.
- पुढच्या कडेला चिकटवलेली पट्टी एका टोकाला सुटते आहे.

दिवाळीच्या आधी अशा तक्रारी वाढतात. वरची कपाटं पुसायला माणूस ओट्यावर चढतो आणि पाय नेमका गाळ्याच्या मध्यावर पडतो.

हे होतं कशामुळे

दगडाला वरून कितीही दाबा, तो सोसतो. ताणलं की मात्र लवकर तुटतो. ग्रॅनाइटची दाब सोसण्याची ताकद त्याच्या वाकण्यातल्या ताकदीच्या दहापटीहून जास्त असते. गाळ्यावर आडव्या टाकलेल्या दगडावर वजन आलं की त्याचा वरचा पृष्ठभाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. म्हणून चीर जन्मते पोटाकडून. वर दिसायला लागते तेव्हा ती आरपार आलेली असते, आणि वरून भरलेली पेस्ट एक-दोन मिलिमीटरच्या पलीकडे पोचतच नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. गाळा दुप्पट झाला की दगडाच्या स्वतःच्या वजनाने येणारा ताण चौपट होतो आणि झोल, म्हणजे दगड मध्ये खाली वाकतो ते अंतर, सोळापट. मधला एकच आधार काढला तर एवढा फरक का पडतो, ते यातून लक्षात येईल.

आपल्याकडचा जुना ओटा विचार करून बांधलेला असतो. खाली दर दोन-अडीच फुटांवर उभा कडप्पा, त्यावर आडवा कडप्पा, त्यावर इंचाच्या आतबाहेर सिमेंटचा माल आणि सगळ्यात वर १६ ते १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट. ग्रॅनाइट तिथे फक्त तोंड आहे, वजन कडप्पा पेलतो. कडप्पा म्हणजे आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यातून येणारा काळा चुनखडीचा दगड. तो थराथराचा असतो आणि वर्षानुवर्षं पाणी मुरलं तर थर सुटतात, पण जागच्या जागी ठेवला तर पिढी निभावतो.

आता याच ओट्याखाली डिशवॉशर बसवायचा ठरतो. यंत्र ६० सेंटिमीटर रुंद आणि साधारण साडेचौऱ्याऐंशी ते ८५ सेंटिमीटर उंच. ओटा ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटिमीटरच्या थोडा वर. त्यातून ग्रॅनाइट, माल आणि कडप्पा मिळून सहा सेंटिमीटर गेले की खाली ८० उरतात. यंत्र आत जात नाही. मग बसवणारा माणूस दोन गोष्टी करतो. मधला उभा कडप्पा काढतो, आणि उंची मिळवायला आडवा कडप्पा मालासकट खरवडून काढतो. राहतो फक्त १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट, चार फुटांच्या गाळ्यावर. त्या दिवशी काहीच होत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं की जमलं.

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत हाच प्रकार सगळ्यात जास्त आहे. फ्रंट लोडिंग वॉशिंग मशीनचंही तसंच.

हात लावण्याआधी

ओट्यावरचं वजन उतरवा. मिक्सर, डबे, पाण्याचं पिंप, सगळं. चिरेच्या खाली लहान मुलांना खेळू देऊ नका आणि तिथे बसून काही निवडू-चिरू नका. अख्ख्या चार फूट बाय दोन फूट गाळ्यात माल-कडप्प्यासकट सव्वाशे किलोच्या आसपास वजन असतं. नुसता ग्रॅनाइटही चौरस फुटाला साडेचार किलो भरतो. तुटलेला तुकडा थेट पायावर येतो.

१. ती चीरच आहे ना?

ग्रॅनाइटमध्ये नैसर्गिक रेघा असतात आणि दर काही महिन्यांनी एखादं घर असं भेटतं जिथे चीर नसतेच. नख आडवं ओढा. रेघेवर अडकत नाही, चिरेवर अडकतं. मग ओलं फडकं फिरवून लगेच कोरडं पुसा. बाकीचा ओटा सुकला तरी चिरेत मुरलेलं पाणी काही वेळ गडद रेष होऊन दिसतं. काळ्या ग्रॅनाइटवर टॉर्च वरून मारू नका, जवळजवळ आडवी टेकवून धरा. बारीक पायरीसुद्धा सावली टाकते.

२. चीर जिवंत आहे की थांबलेली?

ही तपासणी लोक टाळतात, कारण तिला पंधरा दिवस लागतात. मला मात्र ही सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुढचा सगळा खर्च हिच्यावर ठरतो.

चिरेच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेपचा छोटा तुकडा लावून त्यावर टोक नेमकं कुठे आहे ती खूण करा आणि तारीख लिहा. मग खाली जा. ओट्याच्या पोटाला चीर दिसत असेल तर तिच्यावर आडवा, रुपयाच्या नाण्याएवढा प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठिपका लावा, दोन-तीन मिलिमीटर जाड. लावण्याआधी जागा पुसून कोरडी करा, नाहीतर ठिपका नुसताच सुटेल आणि तुमचा गैरसमज होईल. प्लास्टर ठिसूळ असतं, जरा हालचाल झाली की तडकतं.

पंधरा दिवस नेहमीसारखा, पण बेताने ओटा वापरा. ठिपका शाबूत आणि चिरेची टोकं जागच्या जागी असतील तर चीर थांबलेली आहे. एखादा जुना धक्का बसला असेल, ओट्यावर नारळ फोडला असेल, खलबत्ता आपटला असेल. अशी चीर भरून घेतली तर टिकते. ठिपका तडकला तर दगड अजून हलतो आहे आणि भरण्याचे पैसे वाया जाणार हे नक्की धरा.

३. दोरी आणि तीन नाणी

एकाच किमतीची, एकाच घडणीची तीन नाणी घ्या. ओट्याच्या पुढच्या कडेला दोन टोकांना एकेक नाणं ठेवा, त्यांवरून नायलॉनची बारीक दोरी ताणून धरा. दोन माणसं लागतात. तिसरं नाणं दोरीखाली सरकवत मध्यावर आणा. दोरीला जेमतेम शिवून गेलं तर कड सरळ आहे. वर फट राहिली तर तेवढा झोल आहे. ती फट मोजून लिहून ठेवा. दोरी ढिली असेल तर तिचाच झोल मोजाल, म्हणून चांगली ताणा.

ओट्याला सिंककडे थोडा उतार दिलेला असतो, त्याची काळजी करू नका. सरळ उतारावर दोरीही तशीच तिरकी बसते. तिला फक्त मधला खड्डा कळतो.

या मापाचा अर्थ असा. लोखंड वाकून आधी सूचना देतं, ग्रॅनाइट देत नाही. दोन फुटांच्या गाळ्यावर १८ मिलिमीटरचा अखंड ग्रॅनाइट मिलिमीटरभरही न वाकता तुटतो. चार फुटांवर सूतभर, म्हणजे तीन मिलिमीटरच्या आसपास वाकेपर्यंत त्याची ताकद संपत आलेली असते. त्यामुळे सूतभर झोल मोजलात तर समजा की खालचा कडप्पा तुटला आहे, नाहीतर दगड काठावर उभा आहे. "दगड आहे, थोडा बसणारच" असं म्हणून सोडू नका.

४. टेप घ्या: गाळा किती, जाडी किती

दोन आधारांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा. ज्या आधारावर दगड खरोखर टेकला आहे तोच आधार धरायचा. कपाटाची मागची पातळ फळी किंवा ट्रॉलीची चौकट हा आधार नाही.

आता जाडी. इथे फसगत होते. पुढून पाहिलं तर ओटा दीड इंच जाड दिसतो, कारण कडेला खालून पट्टी चिकटवून ती गोल केलेली असते. ती पट्टी फक्त पुढच्या दीड-दोन इंचात असते, मागे दगड १८ मिलिमीटरचाच. खरी जाडी पोटाला हात लावून किंवा शेगडीच्या कापात मोजा.

मी वापरतो ते प्रमाण: २० मिलिमीटरच्या आतबाहेरचा दगड खाली काहीही न देता दोन फुटांपर्यंत, ३० मिलिमीटरचा तीन फुटांपर्यंत. भिंतीबाहेर किंवा कपाटाबाहेर नुसता काढलेला भाग २० मिलिमीटरला सहा इंच, ३० मिलिमीटरला दहा इंच. ही मापं कापाशिवायच्या अखंड दगडासाठी आहेत. गाळ्यात शेगडीचा किंवा सिंकचा काप असेल तर दोन फुटांवरही पुढे-मागे आधार द्यायचा. तुमचं माप याच्या पुढे असेल तर कारण सापडलं, पण पुढच्या तपासण्याही करा. बऱ्याचदा एकाला दुसरं कारण लागलेलं असतं.

५. वाजवून बघा

नाण्याने किंवा लाटण्याच्या टोकाने ओटाभर हलकं ठोका. खाली माल भरलेला असेल तिथे बद्द आवाज येतो, पोकळी असेल तिथे पोकळ, घुमणारा. माल पसरताना घाई झाली की मध्ये पोकळी राहते आणि दगड कडप्प्यावर बसण्याऐवजी दोन-चार ढेकळांवर बसतो. त्या जागा खडूने घेरून ठेवा. पोकळी चिरेच्या रेषेत असेल तर गाळा लहान असूनही चीर का गेली याचं उत्तर मिळालं.

६. खाली झोपा आणि कागद सरकवा

ट्रॉल्या बाहेर काढा, यंत्र पुढे ओढा. फोनचा कॅमेरा लावून पूर्ण पोटाचं चित्रण करा, डोळ्यांना न दिसणारे कोपरे त्यात दिसतात. काय बघायचं? आडव्या कडप्प्याला चीर आहे का. थर सुटून पापुद्रे लोंबताहेत का. सिंकभोवती ओल आहे का. प्लायच्या किंवा एमडीएफच्या कपाटावर ओटा टेकलेला असेल तर त्या बाजूच्या फळीचं वरचं आणि खालचं टोक फुगलं आहे का. फुगलेली फळी आधी दगडाला उचलते आणि कुजली की खचते, दोन्ही वेळा दगड तुटतो.

लोखंडी अँगल दिसला की लोक निश्चिंत होतात. तिथे एक जाड कार्ड घ्या, लग्नपत्रिकेचं चालेल, आणि अँगल आणि दगड यांच्यामध्ये सरकवून बघा. कार्ड आरपार गेलं तर तो अँगल दगडाला शिवतही नाही, म्हणजे त्याने आजवर काहीही पेललेलं नाही. निम्म्या घरांत कार्ड जातं. दगड आधी बसवला, अँगल नंतर ठोकला, आणि मधली फट भरायची राहिली, एवढंच झालेलं असतं. फट भरली की दुरुस्ती तिथेच संपते.

यंत्र आणि ओटा यांच्यामध्ये पुठ्ठा, थर्माकोल किंवा लाकडी पाचर कोंबलेली सापडली तर काढून टाका. यंत्राचा पत्रा वजन पेलायला बनवलेला नसतो आणि धुण्याच्या वेळचे हादरे थेट दगडात जातात.

आधार कशाचा आहे आणि कसा ठेवला आहे तेही बघा. ५० बाय ६ मिलिमीटरची लोखंडी पट्टी आडवी टाकून वर दगड ठेवलेला मी कितीतरी ठिकाणी पाहिला आहे. तीच पट्टी उभ्या कडेवर ठेवली तर जवळजवळ सत्तरपट ताठ असते. आडवी पट्टी दगडाबरोबर वाकते, त्याला धरत नाही.

७. शेगडी काढा

हॉब (ओट्याला काप देऊन आत बसवलेली शेगडी) असेल तर आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून काढा. पाइपलाइनचा गॅस असेल तर जोडणीला हात लावू नका, गॅस कंपनीच्या माणसाला बोलवा. शेगडी निघाली की कापाचे चारही कोपरे बघा. ते गोलाकार हवेत, निदान करंगळीच्या टोकाएवढी गोलाई. काटकोनात कापलेला कोपरा, त्यातही ग्राइंडरची पाती रेषेबाहेर गेल्याची खूण असेल तर, चिरेला दाखवून दिलेली वाटच असते. वजनाचा ताण अशा टोकावर एकवटतो.

कापाच्या पुढे आणि मागे किती दगड उरला आहे तेही मोजा. मोठा हॉब बसवला की पुढे दोन-अडीच इंचांची पट्टी राहते. दोन फूट रुंदीचा ओटा तिथे खरं तर दोन अरुंद पट्ट्यांवर उभा असतो, आणि वर कुकरची आच. तिथे दोन्ही पट्ट्यांखाली स्वतंत्र आधार लागतो, मधोमध दिलेला अँगल उपयोगाचा नाही.

काही कारागीर या पट्ट्यांच्या पोटाला खाच पाडून त्यात सळई बसवतात. चांगली पद्धत आहे, पण सळई साधी लोखंडी असेल तर ओलीने गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि दगड आतून फुटतो. पट्टीच्या लांबीला समांतर चीर आणि तिच्यातून तांबूस पाणी दिसलं तर हेच कारण. सळई स्टेनलेस स्टीलची किंवा फायबर ग्लासची हवी.

८. आधार कशावर उभा आहे?

वरचं सगळं ठीक असूनही चीर हलत असेल तर जमिनीकडे बघा. उभा कडप्पा टाइलवर उभा असतो, टाइल भरावावर. तळमजल्याच्या घरात, रो-हाउसमध्ये भराव नीट धुम्मस न करता टाकलेला असेल तर एक पाय खाली बसतो. पातळी बघायला पारदर्शक नळीत पाणी भरून दोन आधारांच्या बुडाशी धरा.

काळ्या मातीवरच्या घरांत, विदर्भ-मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे, ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात उघडलेली चीर ऑगस्टमध्ये मिटलेली दिसते. हे लक्षण दिसलं तर भिंतीवर, दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यांवर तिरक्या भेगा आहेत का ते बघा. असतील तर हे काम ग्रॅनाइटवाल्याचं राहिलं नाही.

तात्पुरता टेकू

कारागीर येईपर्यंत चिरेखाली टेकू द्यायला हरकत नाही. ओट्याच्या रुंदीएवढी जाड फळी पोटाला आडवी, तिच्याखाली दोन उभे वासे आणि वाशांच्या बुडाशी समोरासमोर दोन पाचरी. पाचर हाताने सरकवायची, दगडाला फळी टेकली आणि सैलपणा गेला की थांबायचं. हातोडी मारून दगड वर उचलायचा मोह आवरा. तुटलेला दगड ढकलून सरळ होत नाही, चीर वरून मिटलेली दिसते आणि दुसरीकडे नवी निघते. स्क्रू-जॅक वापरत असाल तर हीच काळजी दुप्पट घ्या, त्याच्या एका फेऱ्यात किती जोर लागला ते हाताला कळत नाही.

कायमचा उपाय, डिशवॉशरच्या गाळ्याचा

मोकळा गाळा जेवढा यंत्राला लागतो तेवढाच ठेवायचा. चार फुटांच्या जागेत यंत्र एका बाजूला सरकवून त्याच्या दोन्ही अंगांना उभे आधार द्यायचे, आत ६२ सेंटिमीटर मोकळे. नवा आधार कडप्प्याचा दिला तर १८ ते २५ मिलिमीटर जागा जाते, तेवढी सगळीकडे निघते. उरलेल्या भागात एक अरुंद कपाट येतं, तेलाच्या बाटल्यांना उपयोगी.

मग यंत्रावरचा भाग. बहुतेक डिशवॉशरचं वरचं झाकण काढता येतं आणि उंची ८२ सेंटिमीटरपर्यंत येते. आधी यंत्राचं माहितीपत्रक बघा. जी अडीच सेंटिमीटरच्या जरा वर जागा मिळते त्यात ५० बाय २५ चा, दोन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप आडवा बसतो, एक पुढच्या कडेजवळ आणि एक भिंतीलगत. आडवा पाइप उभ्यापेक्षा तिपटीने मऊ असतो हे खरं. पण गाळा ६२ सेंटिमीटरवर आणल्यामुळे इथे तो पुरतो. मध्ये माणूस चढला तरी पाइप मिलिमीटरभरही खाली जात नाही. चार फुटांचा गाळा तसाच ठेवायचा असेल तर हा आडवा पाइप चालणार नाही. तिथे ५० बाय ५० बाय ६ चा अँगल, त्याची एक बाजू उभी, किंवा ५० बाय ५० चा पाइप लागतो आणि तेवढी उंची सोडावी लागते.

पाइपची टोकं उभ्या आधारांवर टेकायला हवीत. भिंतीत नुसती फास्टनर मारून लटकवू नका. सिपोरेक्स म्हणतात त्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा फास्टनर वजन धरत नाही, काही महिन्यांत ढिला होतो. लोखंडाला रेड ऑक्साइड आणि वर रंगाचे दोन हात. सिंकजवळ असेल तर थोडे जास्त पैसे घालून स्टेनलेस स्टीलच घ्या.

पाइप आणि दगड यांच्यातली फट इपॉक्सी पुट्टीने किंवा न आक्रसणाऱ्या ग्राउटने पूर्ण लांबीभर भरायची. साधा सिमेंटचा माल सुकताना आक्रसतो आणि पुन्हा कागद जाईल एवढी फट पडते. यंत्र आणि पाइप यांच्यामध्ये बोट नाही तरी कार्ड सहज फिरेल एवढी जागा राहू द्या.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पुढच्यापैकी काहीही असेल तर स्वतः करू नका.

चीर पुढून मागे आरपार गेली आहे आणि एक बाजू अर्धं सूतही खाली बसली आहे. आडवा कडप्पा तुटलेला आहे. हाताने दाबल्यावर ओटा हलतो. प्लास्टरचा ठिपका दोन-तीन दिवसांतच तडकला. चिरेजवळून गॅसची नळी किंवा विजेची वायर गेली आहे. ओटा उचलून पुन्हा बसवायचा आहे. सहा फुटांचा तुकडा नुसताच ५४ किलोच्या आसपास भरतो. तो तीन माणसांनी उभा धरूनच न्यावा लागतो, आडवा उचलला तर स्वतःच्या वजनाने मोडू शकतो.

ही कामं ग्रॅनाइट बसवणाऱ्या कारागिराची आणि सोबत वेल्डिंगवाल्याची आहेत. नुसत्या पॉलिशवाल्याला बोलावून भागणार नाही. भिंतीवर भेगा असतील, जमीन खचत असेल, किंवा ज्या भिंतीत खाच पाडायची ती काँक्रीटची असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअर. हल्लीच्या बऱ्याच उंच इमारतींत आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात आणि त्यांना छिन्नी लावता येत नाही. सोसायटीची परवानगीही लागते.

कापाकापी घरात कोरडी करू देऊ नका. ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते, क्वार्ट्झच्या कृत्रिम स्लॅबमध्ये तर नव्वद टक्क्यांच्या आसपास. ती फुप्फुसात बसते आणि बाहेर येत नाही. पाणी सोडून कापायला सांगा, शक्य असेल तर इमारतीखाली मोकळ्यावर. कारागिराला चांगला मास्क द्या. माझ्या ओळखीत हे काम करून श्वास गमावलेली माणसं आहेत, म्हणून हे आग्रहाने सांगतो.

चीर भरायची ती सगळ्यात शेवटी

आधार झाला की टेकू काढा, पोटाला नवा प्लास्टरचा ठिपका लावा आणि पुन्हा पंधरा दिवस थांबा. घाई होते, पाहुणे येणार असतात, तरी थांबा. ठिपका शाबूत राहिला तरच भरायला घ्या.

जुनी पेस्ट ब्लेडने खरवडून काढायची. चिरेतला तेलकटपणा घालवायला ॲसिटोन किंवा थिनर, शेगड्या बंद आणि खिडक्या उघड्या ठेवून. मग दोन दिवस तिथे पाणी लागू द्यायचं नाही. वरून कोरडी दिसणारी चीर आत ओली असते आणि ओल्या दगडाला इपॉक्सी धरत नाही. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून आधी पातळ इपॉक्सी सोडायची, ती खाली उतरते. पोटाकडून गळू नये म्हणून तिथेही टेप. पातळ थर बसला की वर रंग मिसळलेली घट्ट इपॉक्सी, किंचित वर राहील अशी. पूर्ण घट्ट झाल्यावर धारदार ब्लेड आडवी धरून तासायची. पांढरं सिमेंट भरू नका. ते दगडाला चिकटत नाही आणि हळद-तेलाने आठवड्यात पिवळं पडतं.

चोवीस तास पाणी नको, आठवडाभर तिथे कणीक मळणं, कुटणं नको. महिन्याने तीन नाणी आणि दोरी पुन्हा काढा आणि आधी लिहून ठेवलेल्या मापाशी ताडून बघा.